डोळे राखून छाटणी

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षवेलीवर जो घड बाहेर पडतो, तो ऑक्टोबरात घडलेला नसतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, नव्या काड्या फुटतात आणि पुढच्या 40 ते 60 दिवसांत, डोळ्याच्या आत, कुणाच्या नजरेस न पडता त्या घडाची मांडणी होऊन जाते. बागायतदार याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. म्हणून जाणता बागायतदार फळछाटणीआधी काड्या तपासून आणतो. डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, घड कितव्या डोळ्यात आहे ते ठरवायचं आणि तितके डोळे राखून कात्री लावायची. न बघता आखूड छाटलं तर वेल हिरवीगार फुटते, पण घड लागत नाहीत.

पुण्याच्या मांजरीत हे कुणाला समजावून सांगायला नको. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून इथेच आहे आणि ‘मांजरी मेडिका’ नावाची रसाची एक गडद जातही या केंद्रानं दिली आहे. गाव मात्र बदललं. जून 2021 मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं, शेतांच्या जागी बारा-बारा मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांत हडपसर, मगरपट्ट्याच्या कंपन्यांत नोकरी करणारी तिशीतली जोडपी राहायला आली. लग्न अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी, मग फ्लॅटचे हप्ते, मग मुलाचा विचार. वर्ष-दीड वर्ष दिवस राहत नाहीत म्हणून सोनोग्राफी केली, तर कागदावर एक ओळ येते: उजव्या अंडाशयात 4 सेंटिमीटरचा एंडोमेट्रिओमा. डॉक्टर सोपं करून सांगतात, ‘चॉकलेट सिस्ट’. त्या रात्री घरात एकच प्रश्न असतो, गाठ काढायची कधी? काड्या तपासल्याशिवाय कात्री हातात घेण्यासारखाच हा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्यांचा त्यात दोष नाही. गाठ म्हटली की काढायची, हेच आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो.

आधी नावाबद्दल. या गाठीचा खाण्याच्या चॉकलेटशी काडीचा संबंध नाही. हे सांगावं लागतं, कारण काही घरांत निदान झाल्याबरोबर त्या मुलीचं चॉकलेट बंद होतं. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तशा प्रकारचं अस्तर गर्भाशयाबाहेर रुजलं की त्याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. पोटाच्या आतल्या पडद्यावर, आतड्यावर, मूत्राशयावर, कुठंही ते रुजू शकतं. अंडाशय ही त्याची विशेष आवडती जागा. भरकटलेलं हे अस्तरही हार्मोनचं ऐकतं, दर महिन्याला जाड होतं आणि त्यातून रक्त सुटतं. गर्भाशयातल्या रक्ताला बाहेर जायला वाट आहे, अंडाशयातल्या रक्ताला नाही. ते साचतं, जुनं होतं, आटतं आणि वितळलेल्या चॉकलेटसारखं दाट तपकिरी होतं. अमेरिकेतल्या ऑल्बनी गावच्या जॉन सॅम्पसन या शल्यविशारदानं 1921 मध्ये आपल्या निबंधाच्या शीर्षकातच हा शब्द घातला आणि तो कायमचा चिकटला.

पुढे 1927 मध्ये याच सॅम्पसननं सांगितलं की पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं आणि त्याबरोबर अस्तराचे कण जाऊन रुजतात. नंतरच्या तपासण्यांत दिसलं की नलिका उघड्या असलेल्या 10 पैकी 9 बायकांत असं उलटं वाहणं होतच असतं. मग आजार सगळ्यांना का होत नाही? पुनरुत्पादनाच्या वयातल्या साधारण 10 टक्के स्त्रियांना तो होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं जगभरात सुमारे 19 कोटी. आनुवंशिकता, शरीराची साफसफाई करणारी प्रतिकारयंत्रणा, पाळी किती लवकर सुरू झाली आणि किती वेळा आली, असं बरंच काही त्यात गुंतलेलं आहे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेनं डॉ. राहुल गजभिये यांच्या नेतृत्वाखाली भारतीय स्त्रियांतल्या या आजाराचा आणि त्यामागच्या जनुकांचा अभ्यास हाती घेतला तो यासाठीच. तोवर आपली बरीचशी माहिती गोऱ्या बायकांच्या शरीरावरून आलेली होती.

आता मुद्द्याचं. ही गाठ अंडाशयात कशी बसलेली असते?

बहुतेक गाठींना स्वतःची पिशवी असते. पिकलेल्या आंब्यातून कोय निघावी तशी ती गाठ सोडवून काढता येते, उरलेला अंडाशय जागच्या जागी राहतो. चॉकलेट सिस्टचं तसं नाही. 1957 मध्ये ह्यूजडन या ब्रिटिश संशोधकानं अशा अंडाशयांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा लक्षात आलं की गाठीची भिंत म्हणजे अंडाशयाची स्वतःची सालच आहे, आत वळलेली. उशीच्या अभ्र्याचा कोपरा बोटानं आत ढकलावा, तसं होतं. बाहेर चिकटलेल्या अस्तराचं रक्त साचत गेलं आणि साल आत आत दुमडत गेली. म्हणजे आपण जिला गाठीचं कवच म्हणतो, ते बऱ्याच अंशी अंडाशयच असतं.

आणि सालीत काय असतं? सगळी शिल्लक सालीतच असते. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून 10 ते 20 लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत 3-4 लाख उरतात. आयुष्यभरात त्यांतली जेमतेम 400 पक्व होऊन बाहेर पडतात, बाकीची आपोआप विरून जातात. ही बीजं सालीच्या अगदी पातळ थरात झोपलेली असतात. त्यांतलं एखादं जागं होऊन पिकायला कित्येक महिने लागतात, नुसता शेवटचा टप्पाच 3 महिन्यांच्या आसपास चालतो. या महिन्यात सुटणाऱ्या बीजाचं नशीब मागच्या हंगामातच लिहिलेलं असतं, द्राक्षाच्या घडासारखं. द्राक्षवेलीशी असलेली तुलना मात्र इथेच थांबते. वेल दरवर्षी नवे डोळे काढते. अंडाशय काढत नाही.

त्या पातळ सालीला चिकटून जुन्या रक्ताचा डोह साचलेला असतो. त्या रक्तात लोह भरपूर असतं. मोकळं लोह पेशींच्या सहवासात आलं की विध्वंसक रेणू तयार होतात, गंज चढावा तसा आसपासच्या पेशींवर ताण येतो. सूज कायमची राहते, मऊ ऊतकाच्या जागी चिवट तंतू येतात. अशा सालीचे काप पाहिले तर निरोगी सालीपेक्षा झोपलेली बीजं कमी दिसतात. जपानी संशोधक किताजिमा यांनी आणखी एक शक्यता मांडली: सुजेमुळं झोपलेली बीजं वेळेआधी आणि जास्त संख्येनं जागी होतात, जागी झालेली पुढे पिकत नाहीत, वाया जातात, आणि कोठार लवकर रिकामं होतं. रक्तातलं एएमएच हे हार्मोन या कोठाराचा अंदाज देतं. चॉकलेट सिस्ट असलेल्या बायकांमध्ये ते सरासरीनं कमी भरतं, ऑपरेशनला हातही लावलेला नसताना.

दुसरी अडचण जागेची. आजार चिकट आहे. अंडाशय मागच्या बाजूला, गर्भाशयाच्या पाठीला जाऊन चिकटतो. दोन्हीकडे गाठी असल्या तर दोन्ही अंडाशय मध्ये ओढले जाऊन एकमेकांना टेकतात, सोनोग्राफीवाले त्यांना ‘किसिंग ओव्हरीज’ म्हणतात. इतक्या दुखऱ्या गोष्टीला इतकं लाडिक नाव कुणी दिलं असेल कोण जाणे. गर्भनलिकेच्या टोकाला झालर असते, सुटलेलं बीज ती हातानं झेलावं तसं टिपते. नलिकाच आखडली, झालर चिकटली की बीज सुटूनही हाती लागत नाही. बीजांच्या कोठाराचा प्रश्न आणि झालरीचा प्रश्न वेगवेगळे आहेत, आणि त्यांचे उपायही वेगळे.

इतकं वाचून कुणाचं मन खचलं असेल तर दुसरी बाजूही पाहायला हवी. इटलीतल्या जेनोव्हा शहरातल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका बाजूला चॉकलेट सिस्ट असलेल्या 244 बायकांना, ऑपरेशन न करता, सहा महिने नुसतं सोनोग्राफीनं पाहिलं. गाठ असलेल्या अंडाशयातूनही बीज जवळपास निम्म्या वेळा सुटत होतं, म्हणजे निरोगी अंडाशयाइतकंच. आणि सहा महिन्यांत शंभरातल्या 43 जणींना आपोआप दिवस गेले. त्याआधीच्या एका इटालियन अभ्यासात गाठीच्या बाजूनं बीज सुटण्याचं प्रमाण 31 टक्केच आलं होतं, तेव्हा तज्ज्ञांत मतभेद आहेत. जेनोव्हाच्या बायकांचा आजार फार पसरलेलाही नव्हता. तरीही ‘गाठ आहे म्हणजे मूल नाही’ हे समीकरण चुकीचं, एवढं त्यातून नक्की निघतं.

मग नुकसान होतं कुठं? माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान गाठीपेक्षा वेळ करते. हा आजार ओळखायला जगभर सरासरी 7 वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. आपल्याकडे उशीर घरातूनच सुरू होतो. दहावी-बारावीतली पोर पाळीच्या दिवशी पोट धरून पडते, उलट्या करते, शाळा बुडवते. आत्या म्हणते, ‘अगं, माझंही असंच दुखायचं, लग्नानंतर गेलं.’ आई पोट शेकायची पिशवी देते. नोकरीला लागल्यावर तीच मुलगी पर्समध्ये गोळ्यांची पट्टी ठेवते आणि पाळीच्या दिवशी घरून काम मागते. संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं, हे तर ती कुणाला सांगतच नाही. आणि एखादे डॉक्टरसुद्धा सांगून मोकळे होतात, ‘लवकर मूल होऊ द्या, सगळं बरं होईल.’ युरोपातल्या मानवी पुनरुत्पादन संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलं आहे की आजारावरचा उपाय म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना आराम पडतो, पण आजार जातो असं नाही.

दुखण्यावर आपल्याकडचा दुसरा इलाज थेट सुरीचा. मांजरीतच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, 1975 मध्ये स्थापन झालेली. राज्यातल्या साखर कारखानदारीचं उसाचं वाण, लागवड, उतारा यांचं शास्त्र तिथून चालतं. त्या उसावर कोयता चालवणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या बायकांची हकीकत 2019 मध्ये बाहेर आली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82 हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, कित्येकींची ऐन तिशीत. कारणं काय, तर पोटदुखी, अंगावरून जाणं, पाळीचा त्रास, गाठ. त्यांतल्या किती जणींना एंडोमेट्रिऑसिस होता हे सांगणं शक्य नाही, कारण तसं शोधलंच गेलं नाही. पण पिशवी काढली तरी अंडाशयातला आजार जागेवरच राहतो, हे त्यांना कुणी सांगितलं असेल का?

फ्लॅटमधल्या जोडप्याची गोष्ट वेगळी, शिकलेली, विमा असलेली. तरी सुरीचा मोह तिथेही तोच. दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, तीन छोटी छिद्रं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. गाठीची भिंत सोलून काढतात. आणि भिंत म्हणजे काय हे आपण वर पाहिलं. कितीही हातखंडा सर्जन असला तरी भिंतीबरोबर थोडी साल येते, सालीबरोबर बीजं येतात. रक्त थांबवायला विजेचा चटका दिला तर उरलेल्या सालीचाही थोडा भाग भाजतो. 2012 मध्ये ब्रिटनमधल्या राफी व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला: अशा ऑपरेशननंतर एएमएच सरासरी 38 टक्क्यांनी घसरलं, एका बाजूची गाठ काढली तेव्हा सुमारे 30 टक्के आणि दोन्ही बाजूंच्या काढल्या तेव्हा सुमारे 44 टक्के. दोन्हीकडचं ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या दोघी-तिघींचे अंडाशय ऑपरेशननंतर कामच करेनासे झाले, असंही एका इटालियन पाहणीत दिसलं. आकडा लहान आहे, पण तिशीच्या आत पाळी कायमची थांबलेल्या मुलीला तो लहान वाटणार नाही.

म्हणून गेल्या दहा-पंधरा वर्षांत वारं फिरलं. पूर्वी ठरावीक आकाराच्या वरची गाठ दिसली की टेस्ट ट्यूब बेबीच्या, म्हणजे आयव्हीएफच्या, आधी ती काढून टाकण्याकडे कल होता. 2022 ची युरोपीय मार्गदर्शिका म्हणते की केवळ आयव्हीएफचं यश वाढावं म्हणून सरसकट गाठ काढू नये, कारण त्यानं मूल होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसत नाही. गाठ असलेल्या अंडाशयातून आयव्हीएफच्या वेळी बीजं थोडी कमी मिळतात, पण शेवटी हातात बाळ येण्याचं प्रमाण फारसं मागे पडत नाही. उलट ऑपरेशन झालेल्या अंडाशयाला इंजेक्शनांचे डोस जास्त लागतात.

याचा अर्थ ऑपरेशन कधीच नको, असा कुणी काढू नये. गोळ्यांना न जुमानणारं दुखणं असेल, गाठ झपाट्यानं वाढत असेल, सोनोग्राफीत तिचं रूप संशयास्पद असेल, किंवा बीज काढायच्या सुईला गाठच आडवी येत असेल, तर सुरी योग्यच. आपोआप दिवस राहावेत अशी इच्छा असलेल्या, वय कमी आणि कोठार भरलेलं असलेल्या मुलीलाही चांगल्या हाताचं ऑपरेशन मदत करतं, विशेषतः चिकटलेल्या नलिका मोकळ्या होत असतील तर. आणि करायचंच तर नीट सोलून काढणं हे नुसतं जाळण्यापेक्षा बरं ठरलं आहे. नुसती सुई घालून आतलं ओढून घेतलं तर गाठ काही महिन्यांत पुन्हा भरते. गाठीत अल्कोहोल भरून अस्तर मारण्याची पद्धत काही ठिकाणी वापरतात, सालीला इजा कमी होईल या आशेनं. तिच्यावर अजून अभ्यास चालू आहेत. दुसऱ्यांदा त्याच अंडाशयावर ऑपरेशन करायला मात्र फार सबळ कारण हवं. गाठ परत येते, बीजं परत येत नाहीत.

कॅन्सरची भीती हा बहुतेकदा न बोललेला धागा असतो. सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यभरात अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात एकापेक्षा जराशी जास्त. एंडोमेट्रिऑसिस असेल तर ती वाढते, पण दोनाच्या आतच राहते. तेवढ्यासाठी तिशीतल्या मुलीचा अंडाशय पणाला लावायची गरज नसते. नियमित सोनोग्राफी पुरते.

काड्या तपासणं म्हणजे इथे काय, तर दोन गोष्टी. रक्तातलं एएमएच आणि पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सोनोग्राफीवर दिसणाऱ्या लहान बीजपुटिकांची मोजणी. ही दोन्ही ऑपरेशनच्या आधी व्हायला हवीत, नंतर नव्हे. नंतर केली तर कोठार आधीच रिकामं होतं की ऑपरेशननं झालं हे कळायला मार्ग राहत नाही. एएमएचबद्दल एक सावधगिरी सांगायला हवी, कारण त्या आकड्यानं पुण्यातल्या अनेक घरांची झोप उडवली आहे. तो आकडा आयव्हीएफमध्ये किती बीजं मिळतील याचा अंदाज देतो. यंदा आपोआप दिवस राहतील की नाही, हे तो सांगत नाही. अमेरिकेतल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एएमएच कमी असलेल्या बायकांनाही आपोआप दिवस राहण्याची शक्यता इतरांइतकीच दिसली. बीजाचा दर्जा वयावर ठरतो, आणि चॉकलेट सिस्ट असलेल्या पस्तिशीतल्या बाईपेक्षा पंचविशीतलीला वाट पाहायला जास्त मुभा असते, एवढा साधा हिशोब आहे.

कोठार उतरणीला लागलेलं आणि लग्न अजून लांब, किंवा दोन्हीकडच्या गाठींचं ऑपरेशन टळतच नाही, अशा वेळी आधी बीजं गोठवून ठेवणं हा विचारात घेण्याजोगा मार्ग आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून 6 ऑगस्ट 1986 रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, परळच्या त्याच संशोधन संस्थेच्या साहाय्यानं. त्यानंतर हे शास्त्र खूप पुढं गेलं. 2021 च्या कायद्यानं असे उपचार करणाऱ्या केंद्रांना नोंदणी सक्तीची केली आणि स्त्रीसाठी वयाची वरची मर्यादा 50 ठेवली. अविवाहित मुलगीही आपली बीजं ठेवू शकते. खर्च मात्र जबर आहे, आणि गोठवलेलं बीज म्हणजे मूल नव्हे, हे केंद्रानं आधी सांगायला हवं.

मूल आत्ता नको असेल तर डायनोजेस्टसारख्या रोजच्या गोळ्या दुखणं थांबवतात, गाठ लहान करतात, ऑपरेशननंतर ती परत येणं कमी करतात. पण गोळी चालू असेतो सहसा दिवस राहत नाहीत, आणि ती खाल्ल्यानं नंतरची गर्भधारणा सोपी होते असाही पुरावा नाही. मूल हवं असताना सहा-सहा महिने या गोळ्या देत बसलं तर जो वेळ जातो, तोच महागात पडतो.

आता पुन्हा त्या फ्लॅटमध्ये जाऊ. टेबलावर फाइल आहे. सोनोग्राफीचे तीन रिपोर्ट, एएमएचचा कागद, थायरॉईडचा कागद, नलिका उघड्या आहेत का ते बघायचा एक्स-रे, तिच्या आईनं कुणाकडून तरी आणलेल्या काढ्याची चिठ्ठी. तिचं वय, तिची गाठ, तिचे सेंटिमीटर, सगळं नोंदलेलं. एक कागद मात्र बऱ्याचदा त्या फाइलमध्ये नसतो: नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडूनही काही ना काही अडचण असते, आणि बायकोच्या अंडाशयात गाठ सापडली म्हणून ती नाहीशी होत नाही. त्या तपासणीला भूल लागत नाही, टाका पडत नाही, एक सकाळ पुरते.